माथेरान

माथेरान हे महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात वसलेले गिरिस्थान व नगरपरिषद असलेले शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील आणि सुमारे सात चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या पठारावर ते पसरले आहे. शहराच्या हद्दीत खाजगी मोटारी, दुचाकी, रिक्षा व बस यांना प्रवेश नाही. सर्व वाहने हद्दीवरील दस्तुरी नाक्यावर थांबतात. त्यापुढील प्रवास पायी, घोड्यावर, हातरिक्षाने, मिनीट्रेनने आणि २०२२ पासून मर्यादित संख्येतील ई-रिक्षांनी होत आला आहे. या वाहनबंदीमुळे एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील बंगले, लाल मातीचे रस्ते व दाट झाडी बऱ्याच प्रमाणात टिकून राहिली. मात्र माणसांची व मालाची वाहतूक माणसांच्या आणि घोड्यांच्या श्रमावर अवलंबून राहिल्याने हातरिक्षा, ई-रिक्षा व रस्त्यांवरील पेव्हर ब्लॉक हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

नाव

‘माथ्यावरील रान’ या अर्थाने माथेरान हे नाव रूढ झाले, अशी सर्वमान्य व्युत्पत्ती आहे. पठाराचा माथा आणि त्यावरील सलग जंगल या दोन्ही गोष्टी पायथ्याच्या गावांमधून ठळकपणे दिसतात, त्यामुळे हे नाव वर्णनपर असावे असे मानले जाते.

भौगोलिक स्थान

माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा, तिच्या पश्चिमेस उभा आहे. पूर्वेस नेरळ व कर्जतच्या बाजूचे उल्हास नदीचे खोरे असून पश्चिमेस पनवेलचा परिसर आहे. डोंगराचा माथा सपाट असला, तरी कडा जवळजवळ सर्व बाजूंनी उभ्या तुटलेल्या आहेत. या कड्यांच्या टोकांना ‘पॉइंट’ म्हणतात. पॅनोरमा, लुईझा, एको, पॉर्क्युपाइन, वन ट्री हिल, रामबाग, अलेक्झांडर, चौक, गार्बेट, मंकी व हार्ट हे त्यांपैकी काही प्रसिद्ध पॉइंट होत. पॉर्क्युपाइन पॉइंट ‘सनसेट पॉइंट’ या नावानेही ओळखला जातो. पॅनोरमा पॉइंटजवळून विकटगड ऊर्फ पेब, तर पश्चिमेकडील कड्यांवरून प्रबळगड दिसतो.

माथ्यावरील जमीन जांभ्या दगडाची असल्याने येथील माती तांबडी आहे. पावसाचे वार्षिक प्रमाण पाच हजार मिलिमीटरच्या आसपास असते व तो बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उतारावरील तांबड्या मातीवर एवढा पाऊस कोसळत असल्याने मातीची धूप ही येथील कायमची समस्या आहे.

जंगल निमसदाहरित प्रकारचे असून अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा इत्यादी झाडे विपुल आहेत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू येथे आढळते. माकडांचा वावर वस्तीतही मोठ्या प्रमाणात असतो. पावसाचे पाणी अडवून तयार केलेला शार्लट तलाव हा गावाच्या पाण्याचा जुना स्रोत आहे. त्याच्या काठी पिसारनाथाचे मंदिर आहे.

इतिहास

वसाहतीपूर्वी डोंगरावर व त्याच्या उतारांवर ठाकूर, कातकरी व धनगर समाजांची वस्ती होती. पायथ्याच्या गावांशी त्यांचा संबंध पायवाटांनी होता आणि त्यांतील अनेक वाटा आजही वापरात आहेत.

मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने डोंगरावर चढले. माथ्यावरील हवामान व जंगल पाहून त्यांनी तेथे उन्हाळी वसाहत उभारण्यास चालना दिली. त्या काळचा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा फार मोठा होता. कर्जतचा भाग तसेच वसई, माहीम व डहाणू हे आज पालघर जिल्ह्यात असलेले भाग त्याच जिल्ह्याच्या कारभारात होते. पुढे कर्जत कुलाबा जिल्ह्यात गेले व कुलाब्याचे नामांतर रायगड असे झाले. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा जिल्हा झाला.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८५० च्या दशकात येथे निवास बांधल्यानंतर माथेरानला प्रतिष्ठा लाभली. याच दशकात, १८५६ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कल्याणपुढे नेरळवरून खोपोलीपर्यंत पोहोचला. त्यामुळे मुंबईहून पायथ्यापर्यंत येणे सोपे झाले. मात्र नेरळपासून माथ्यापर्यंतचा चढ घोड्यावर किंवा पालखी-डोलीत बसूनच पार करावा लागे. युरोपीय अधिकाऱ्यांमागोमाग मुंबईतील पारशी, बोहरा, खोजा व गुजराती व्यापारी कुटुंबांनी येथे बंगले बांधले. त्यांच्या सेवेसाठी हमाल, घोडेवाले, माळी, न्हावी, चांभार व दुकानदार यांची वस्ती बाजाराच्या भोवती वाढली.

स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे झाला. व्यवसायाने वकील असलेल्या कोतवालांनी माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही सांभाळले होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात त्यांना व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

नेरळ–माथेरान रेल्वे

नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटर लांबीचा, दोन फूट रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग आहे. त्याचे बांधकाम १९०४ मध्ये सुरू झाले व २२ मार्च १९०७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. मुंबईतील उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांनी त्यासाठी भांडवल पुरवले, तर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी बांधकाम तडीस नेले. या कामास सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. डोंगराला वळसे घालत जाणाऱ्या या मार्गावर काही ठिकाणी १:२० असा तीव्र चढ आणि अतिशय तीक्ष्ण वळणे आहेत. त्यामुळे वळणावर चाकांच्या जोड्या सरकू शकतील अशा खास रचनेची वाफेची इंजिने वापरली गेली. ती जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीने बनवली होती. बार्शी लाईट रेल्वेमुळे महाराष्ट्रात परिचित असलेले अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे नाव त्यांच्या आराखड्याशी जोडले जाते. पुढे त्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली.

नेरळ सोडल्यावर जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही स्थानके लागतात. मार्गावर एकच छोटा बोगदा असून तो ‘वन किस टनेल’ या गमतीदार नावाने ओळखला जातो. अमन लॉज हे स्थानक दस्तुरी नाक्यालगत आहे, तर माथेरान स्थानक थेट बाजारपेठेत आहे. त्यामुळे मिनीट्रेन हे शहराच्या मध्यापर्यंत पोहोचणारे एकमेव जुने यांत्रिक वाहन ठरते.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाचे मोठे नुकसान झाले व दुरुस्तीनंतर २००७ मध्ये वाहतूक पूर्ववत झाली. २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांमुळे सेवा स्थगित करण्यात आली होती. २०१९ च्या पावसात पुन्हा भराव वाहून गेल्यावर नेरळ ते अमन लॉज हा भाग तीन वर्षे बंद राहिला. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज वाहतूक थांबवली जाते. अमन लॉज ते माथेरान ही शटल सेवा मात्र चालू ठेवली जाते. भारतातील पर्वतीय रेल्वेमार्गांच्या जागतिक वारसा नोंदीचा विस्तार म्हणून हा मार्ग युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट आहे.

वाहनबंदी

माथेरानची वसाहत मोटारीच्या जन्माआधीची आहे. रस्ते पायी चालणारे, घोडे व हातगाड्या यांच्या मापाने आखले गेले आणि मोटारीचे युग आल्यावरही ते तसेच ठेवण्यात आले. नेरळहून डोंगरावर येणारा मोटाररस्ता दस्तुरी नाक्यावर संपतो. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच ते तीन किलोमीटर अंतरावर आहे.

या प्रथेला कायद्याचा भक्कम आधार ४ फेब्रुवारी २००३ रोजी मिळाला. या दिवशी केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. त्यासाठी बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. अधिसूचित क्षेत्र सुमारे २१५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजेच ते शहरापुरते मर्यादित नसून डोंगराचे उतार व पायथ्याचा मोठा भाग त्यात येतो. अधिसूचनेनुसार नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनांना मनाई असून रुग्णवाहिका व अग्निशामक वाहन यांसारख्या आणीबाणीच्या वाहनांचा त्यास अपवाद आहे. याशिवाय वृक्षतोड, उत्खनन, तीव्र उतारांवरील बांधकाम व जमिनीच्या वापरातील बदल यांवर निर्बंध आहेत. निसर्गनिर्मित व मानवनिर्मित वारसास्थळांचे जतन हाही अधिसूचनेचा भाग आहे. अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी सनियंत्रण समिती नेमली जाते.

महाराष्ट्रातील अशा क्षेत्रांमध्ये डहाणूचा क्रमांक आधीचा आहे. पालघर व बोईसरच्या उत्तरेस असलेला डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित झाला. त्यावर देखरेख करण्यासाठी १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन करण्यात आले. जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर–पाचगणी क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि त्यानंतर माथेरानची. कायदा एकच असला, तरी तिन्ही ठिकाणी त्याचा रोख वेगळा आहे. डहाणूत मुख्यतः उद्योगांवर नियंत्रण अभिप्रेत आहे. तारापूर–बोईसरसारखी औद्योगिक वसाहत शेजारच्या डहाणू तालुक्यात वाढली नाही, यामागे या निर्बंधांचा मोठा वाटा आहे. महाबळेश्वरला पर्यटकांची वाहने चालतात, पण बांधकाम नियंत्रित आहे. माथेरानमध्ये वाहनालाच मज्जाव असून तेथील इतर बहुतेक गोष्टी या एका नियमाभोवती फिरतात.

वास्तुरचना

माथेरानचे जुने बंगले मोठ्या आवारात, एकमेकांपासून दूर आणि झाडांच्या आड बांधलेले आहेत. उंच जोते, दगडी भिंती, चोहोबाजूंनी किंवा दर्शनी बाजूस रुंद व्हरांडा, उतरते कौलारू छप्पर आणि मुख्य घरापासून वेगळे स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. ही रचना हवामानाला धरून आहे. उतरत्या छपरामुळे मुसळधार पावसाचे पाणी साचत नाही. उंच जोत्यामुळे ओल घरात शिरत नाही आणि खोल व्हरांड्यामुळे भिंतींवर थेट पाऊस व ऊन येत नाही. पावसाळ्यापूर्वी व्हरांडे व भिंती झडपांनी किंवा ताडपत्रीने झाकण्याची प्रथा येथे जुनी आहे.

बॅर हाउस हा एकोणिसाव्या शतकातील बंगला पुढे वारसा हॉटेलात रूपांतरित झाला. रग्बी व लॉर्ड्स सेंट्रल ही जुन्या काळापासून परिचित असलेली हॉटेले आहेत. सेंट पॉल चर्च, रोमन कॅथलिक चर्च, पारशी व बोहरा कुटुंबांचे बंगले, मशीद, मंदिरे आणि बाजारातील पुढे पडवी असलेली दुकाने यांतून वसाहतीचे मिश्र स्वरूप दिसते.

या इमारती टिकण्यामागे केवळ वारसा नियम नाहीत. माथ्यावर येणारी प्रत्येक वीट, सिमेंटची गोणी व लोखंडी सळई दस्तुरीवरून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर आणावी लागत असल्याने बांधकाम नेहमीच महाग व संथ राहिले. त्यामुळे जुनी इमारत पाडून नवी उभारण्यापेक्षा तीच दुरुस्त करून वापरण्याकडे कल राहिला. दुसरीकडे, अनेक बंगल्यांचे मालक मुंबईत वा परदेशी असून काही इमारती वर्षानुवर्षे बंद व पडीक आहेत. दुरुस्तीचा वाढीव खर्च हे त्याचे एक कारण आहे. वाहनबंदी वास्तूंना वाचवते आणि त्यांची देखभाल कठीणही करते, असे या दुहेरी परिणामाचे वर्णन करता येते.

वाहतूक व लोकजीवन

२०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची लोकसंख्या सुमारे ४,४०० होती. बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका पर्यटनावर आहे. लॉज, खाणावळी, चिक्की व मधाची दुकाने, चामड्याच्या चपला व बूट, घोडे, हातरिक्षा आणि हमाली हे प्रमुख व्यवसाय होत. शहरात चारशेहून अधिक घोड्यांना परवाने दिलेले आहेत. त्यांचे चालक स्थानिक तसेच पायथ्याच्या वाड्यांतील आहेत. प्रवाशांच्या घोड्यांबरोबरच मालवाहू घोडे व खेचरे दूध, भाजीपाला, धान्य व स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या वर आणतात. या वाहतूक खर्चामुळे बाजारातील वस्तूंचे दर नेरळपेक्षा चढे असतात.

हातरिक्षा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरील खुर्चीसारखी गाडी. एक जण पुढचे दांडे धरून ती ओढतो आणि चढावर एक किंवा दोघे मागून ढकलतात. उतारावर तीच माणसे गाडी मागे खेचून धरतात. वृद्ध, आजारी व अपंग व्यक्तींसाठी, तसेच सामान घेऊन आलेल्या कुटुंबांसाठी हे अनेक दशके मुख्य साधन होते. परवानाधारक हातरिक्षांची संख्या ९४ होती.

वाहनबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पर्यटकाला ती दोन दिवसांची शांतता वाटते, पण रहिवाशाला वर्षभर शाळा, दवाखाना व बाजार चालत गाठावा लागतो. गरोदर स्त्रिया व गंभीर रुग्ण यांना एका रुग्णवाहिकेवर अवलंबून राहावे लागते आणि पुढील उपचारांसाठी नेरळ, कर्जत किंवा त्याहून दूर जावे लागते. ई-रिक्षांची मागणी प्रथम याच गरजेतून पुढे आली.

ई-रिक्षा व न्यायालयीन प्रक्रिया

विजेवर चालणारी रिक्षा धूर सोडत नाही व आवाजही कमी करते. त्यामुळे तिला वाहनबंदीतून सूट मिळावी, अशी मागणी हातरिक्षाचालक व रहिवाशांनी केली. २००३ च्या अधिसूचनेत अशी तरतूद नसल्याने हा प्रश्न टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड विरुद्ध भारत सरकार या वनविषयक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवण्यास परवानगी दिली. त्यानुसार डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांसह तीन महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. शाळकरी मुले, ज्येष्ठ नागरिक व पर्यटक यांनी त्याचा वापर केला. २०२४ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या २० पर्यंत मर्यादित ठेवली आणि त्या केवळ हातरिक्षाचालकांनाच द्याव्यात, असे स्पष्ट केले. ज्यांचा रोजगार जाणार त्यांनाच नवे साधन मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन व न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा अमानवी असून ती संविधानातील सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने नमूद केले. पंजाबातील सायकलरिक्षा चालकांसंबंधीच्या १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियन प्रकरणाचा दाखलाही निकालात आहे. राज्य सरकारने गुजरातमधील केवडिया येथील पद्धतीच्या धर्तीवर ई-रिक्षा विकत घेऊन हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि निधीचा अभाव ही सबब पुढे करू नये, असेही निर्देश देण्यात आले.

पेव्हर ब्लॉकचा वाद

ई-रिक्षांच्या प्रश्नाशी रस्त्यांचा प्रश्न जोडलेला आहे. माथेरानचे रस्ते मुळात तांबड्या मातीचे व दगडगोट्यांचे होते. पावसात त्यांवरून माती वाहून जाते आणि कोरड्या हंगामात घोड्यांच्या टापांनी लाल धूळ उडते. धूप रोखण्यासाठी काही रस्त्यांवर मातीपासून बनवलेले क्ले पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. समर्थकांच्या मते त्यामुळे धूळ व धूप कमी होते, तसेच हातरिक्षा, ई-रिक्षा व रुग्णवाहिका यांना चालणे सुकर होते. अश्वपालांचे म्हणणे असे की, गुळगुळीत पृष्ठभागावर, विशेषतः ओल्या उतारावर, घोडे घसरतात. पर्यावरणवादी कार्यकर्त्यांची हरकत वेगळी आहे. पक्का रस्ता हे पुढे मोटारींना मोकळीक देण्याचे पहिले पाऊल ठरेल आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरणे कमी होईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली.

न्यायालयाने २०२३ मध्ये या कामाला स्थगिती दिली होती. ऑगस्ट २०२५ च्या निकालात दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा देण्यात आली. मात्र त्यांखाली काँक्रीटचा थर देऊ नये, अशी अट घातली. अंतर्गत रस्ते व पॉइंटकडे जाणाऱ्या वाटांवर ते बसवण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे मुख्य रस्ता सुधारावा आणि जंगलातील वाटा मातीच्याच राहाव्यात, अशी विभागणी निश्चित झाली.

भेट देण्याविषयी

ऑक्टोबर ते मे हा भेटीचा मुख्य हंगाम आहे. पावसाळ्यात धबधबे व धुके पाहण्यासाठी अनेक जण येतात. तथापि या काळात कड्यांच्या टोकांवर व निसरड्या वाटांवर धोका असतो आणि काही हॉटेले बंद असतात. शहरात प्रवेश करताना नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो.

मुंबईहून मध्य रेल्वेच्या कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरता येते. पालघर व बोईसर येथील प्रवाशांना पश्चिम रेल्वेने दादरपर्यंत येऊन तेथे मध्य रेल्वेची गाडी धरता येते. दुसरा पर्याय वसई रोड–दिवा मार्गाचा आहे. दिवा येथे उतरून कर्जतकडे जाणारी लोकल पकडल्यास मुंबई शहरात शिरावे लागत नाही. नेरळहून मिनीट्रेन किंवा सहप्रवासी तत्त्वावर चालणाऱ्या टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जाता येते. मिनीट्रेनच्या फेऱ्या मोजक्या असल्याने सुट्टीच्या दिवशी तिकिटे लवकर संपतात. स्वतःच्या वाहनाने आल्यास ते दस्तुरीच्या वाहनतळावर ठेवावे लागते.

दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत चालण्यास पाऊण तास ते तास लागतो. अमन लॉज येथून शटलने हेच अंतर सुमारे २० मिनिटांत पार होते. सामान चाकांच्या बॅगेऐवजी पाठीवरील पिशवीत असल्यास दगडगोट्यांच्या वाटांवर सोयीचे पडते. घोडा किंवा हमाल ठरवताना फलकावरील अधिकृत दरपत्रक पाहता येते. पॉइंट परस्परांपासून दूर असून सर्व पाहण्यास एक दिवस अपुरा पडतो.

गिर्यारोहकांसाठी पायथ्यापासून अनेक वाटा आहेत. भिवपुरीच्या बाजूने गार्बेट पठारावरून, धोदाणी गावातून सनसेट पॉइंटकडे आणि चौकच्या बाजूने वन ट्री हिल व रामबागकडे जाणाऱ्या वाटा त्यांपैकी परिचित आहेत. वन ट्री हिलजवळील अवघड घळ ‘शिवाजी शिडी’ या नावाने ओळखली जाते. या वाटा पर्यटनासाठी आखलेल्या नसून पायथ्याच्या वाड्यांतील लोक दूध, भाजी व मजुरीसाठी माथ्यावर येण्याकरिता त्या वापरत आले आहेत.

इतर वाहनमुक्त वसाहती

माथेरानचा उल्लेख अनेकदा आशियातील एकमेव वाहनमुक्त गिरिस्थान असा केला जातो. जगात अन्यत्र अशा वसाहती मुख्यतः बेटांवर आढळतात. ग्रीसमधील सारोनिक आखातातील हायड्रा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथे मोटारी व मोटारसायकलींना बंदी असून प्रवासी व सामान यांची वाहतूक खेचरे, गाढवे व होड्यांनी होते. कचरागाडीसारख्या अत्यावश्यक वाहनांना सूट आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील जहाजमालकांचे दगडी वाडे तेथील बंदराभोवती जतन झाले आहेत. श्रीमंत व्यापाऱ्यांनी बांधलेली घरे, जनावरांवरील वाहतूक व पर्यटनावरील उपजीविका या बाबतींत माथेरान व हायड्रा यांच्यात साम्य आहे. हायड्रात मात्र माणसाने ओढायची गाडी हे मुख्य साधन नाही, त्यामुळे माथेरानसारखा मानवी श्रमाचा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

पालघर जिल्ह्यातील अर्नाळा बेटाची स्थिती वेगळी आहे. वैतरणा नदीच्या मुखाजवळील या बेटावर जलदुर्ग व मच्छीमारांची वस्ती असून तेथे होडीने जावे लागते. तेथील मोटारींचा अभाव पूल नसल्यामुळे आहे, कायद्यामुळे नव्हे. भूगोलाने मिळालेली अशी वाहनमुक्तता पूल होताच संपुष्टात येऊ शकते. माथेरानमध्ये मात्र मोटाररस्ता दारापर्यंत आलेला असतानाही वाहने रोखली जातात. ही बंदी नियमावर आणि तो पाळणाऱ्या रहिवाशांच्या संमतीवर उभी आहे. हातरिक्षाचालकांचे पुनर्वसन, रुग्णांची वाहतूक आणि अश्वपालांचा रोजगार हे प्रश्न कसे सुटतात, यावर ती संमती किती टिकेल हे अवलंबून आहे.

हेही पाहा

नेरळ–माथेरान रेल्वे
भाई कोतवाल
प्रबळगड
महाबळेश्वर
डहाणू तालुका
अर्नाळा किल्ला